वीर म्हणजे आपण

"आपलंच आहे हो," असं म्हणून काका समोरच्या हवेत तळहाताने एक मोठा गोल फिरवायचे. त्या गोलात काय काय यायचं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. कँटीनचं टेबल, टेबलावरचा दुसऱ्याचा डबा, त्या डब्याचा मालक, बाहेर उभी असलेली बस आणि बसचा ड्रायव्हर, सगळं आपलंच. एकटा 'मी' तेवढा त्या गोलाच्या बाहेर. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, पण "मी केलं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून लागोपाठ ऐकल्याचं मला आठवत नाही.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहतो आणि त्याची जेवायची वेळ येते तेव्हा जिलबी संपलेली असते, तो. लोक म्हणतात, किती गोड माणूस! मी म्हणते, अशा गोड माणसाबरोबर एकदा नोकरी शोधून बघा.

आमचा कारखाना जर्मनीत, नेकारसुल्मपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात होता. मोटारीची सीट आपण पुढेमागे सरकवतो ना, तिच्या खाली दोन रूळ असतात. ते आमच्याकडे व्हायचे. जगात कुणी त्या रुळांकडे वाकून बघत नाही. आम्ही दिवसभर तेच बघायचो. काका त्या लाइनीचे इंजिनिअर आणि मी क्वालिटीला, म्हणजे त्यांनी करायचं आणि मी नावं ठेवायची. ते पन्नाशी ओलांडलेले, मी त्यांच्याहून बरीच लहान, तरी मला ते ताईच म्हणायचे. दोघंही पुण्याचे. त्यामुळे पहिल्याच दिवशी "आपल्याच गावची" म्हणून त्यांनी मला गोलात ओढलं आणि माझ्या डब्यातली अर्धी भाजी नेली. स्वतःच्या डब्यातली अख्खी उसळ मला दिली, हेही सांगायला हवं.

'आपल्याकडे' हा त्यांचा आणखी एक लाडका शब्द. आपल्याकडे रविवारी दुकानं उघडी असतात. आपल्याकडे शेजाऱ्याला चहाला बोलवायला तीन आठवडे आधी विचारावं लागत नाही. परदेशातली सगळी मराठी माणसं हे म्हणतात, मीही म्हणते, आणि आपल्याकडे म्हणजे अर्थातच तिकडे, भारतात. काकूंना मात्र याचा कंटाळा आला होता. "वीस वर्षं इथे राहता, इथलं पाणी पिता, आणि तुमचं आपल्याकडे अजून तिकडेच का हो?" असं त्या विचारायच्या. काका हवेत गोल फिरवून विषय मिटवायचे.

लाइनीवर त्यांचा जोडीदार होता योर्ग. उंच, तांबडा, मशीन दुरुस्त करणारा आणि दिवसभर मशीनला शिव्या घालणारा माणूस. काका जर्मन बोलताना शब्दासाठी अडले की मध्ये 'आपलं' घालायचे. "वीर ब्राउखेन... आपलं... आइनेन नॉयेन मोटोर." आपल्याला एक नवी मोटर हवी. जर्मन माणूस असं अडला की 'आल्झो' म्हणतो, म्हणून योर्गचा समज झाला की 'आपलं' म्हणजे भारतीय आल्झो. तोही मीटिंगची सुरुवात "आपलं..." अशी करायला लागला. मी त्याला खरा अर्थ सांगायला गेले तर काका म्हणाले, "राहू दे गं ताई. शब्द आपलाच आहे."

आता इथे थोडं व्याकरण सांगते, त्याशिवाय पुढचं रामायण कळायचं नाही. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की तो आत येतो. जर्मनला हा भेद ठाऊक नाही. त्यांचा एकच शब्द, 'वीर'. काका मनात आपण म्हणायचे, तोंडातून वीर निघायचं, आणि ऐकणारा स्वतःच्या मनाप्रमाणे त्याचा आम्ही करून घ्यायचा. मी हे त्यांना अनेकदा समजावलं. "बरोबर आहे, आपण लक्षात ठेवू," असं म्हणून ते विसरून जायचे.

तर काही वर्षांपूर्वी कंपनीने चाकणला एक छोटा कारखाना काढला. जादा काम आलं तर ते तिकडे करायचं, असं आम्हाला सांगितलं होतं. लाइन उभी करून द्यायला आणि माणसं शिकवायला काकांना पाठवलं. ते गेले आणि सगळ्या विभागाला पुरेल एवढी बाकरवडी घेऊन परत आले. सोबत फोनमध्ये फोटोच फोटो. लाइनीसमोर उभी असलेली निळ्या शर्टातली पोरंपोरी. "काय हुशार आहेत गं! दोन वर्षांत आपल्या पुढे जातील बघ."

"काका, पुढे जातील म्हणजे काय होईल, कळतंय ना?"

"अगं, आपलीच पोरं आहेत."

ती पोरं खरंच पुढे गेली. मग एका वसंतात वरून निर्णय आला की रूळ यापुढे फक्त चाकणलाच होणार. बोटीचं भाडं धरूनही ते इथल्यापेक्षा स्वस्त पडत होते. इथली लाइन बंद, आणि लाइनीवरची माणसं मोकळी.

त्यावर कारखान्यातल्या सगळ्यांची सभा भरली. कामगारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असतात, बेट्रीब्सराट म्हणतात त्यांना, त्यांचा प्रमुख तावातावाने बोलला. "आपल्या नोकऱ्या भारतात चालल्या आहेत!" त्या मोठ्या हॉलमध्ये भारतीय चेहरे दोनच होते. एकेक करून माना आमच्याकडे वळायला लागल्या. मी बुटांकडे बघत बसले. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. काका उभे राहिले.

लोक घाबरलेत, त्यांना धीर द्यावा, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. इतकी वर्षं मेहनत करून उभं केलेलं काम वाया जाणार नाही, ते चांगल्या हातांत जातंय, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी हवेत तो गोल फिरवला आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाले, "काळजी करू नका. तिकडची आपली माणसं फार चांगली आहेत."

जर्मनमध्ये ते "उनझेरे लॉयटे" असं झालं. आपली माणसं म्हणा की आमची माणसं म्हणा, शब्द तोच. अख्ख्या हॉलने आमची ऐकलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी शिवी घातली. काका अजून हसतच उभे होते, कारण झालं काय हे त्यांना कळलंच नव्हतं. मी त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यांचं एकट्याचं झालं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण पुढे कितीतरी दिवस कँटीनमध्ये माझ्याही टेबलावर कुणी बसेना.

एकटा योर्ग येऊन बसला. "आपलं," म्हणाला, आणि त्याने काकांच्या डब्यातलं लोणचं काढून घेतलं.

इथे एक सोय आहे. बाहेरच्या मालामुळे असा विभागच्या विभाग बंद पडला की पुष्कळदा माणसांना सरळ घरी धाडत नाहीत. ट्रान्सफरगेझेलशाफ्ट नावाची एक मधली कंपनी उभी करतात. जुन्या नोकरीतून निघून आपण तिच्यात दाखल व्हायचं, पगाराचा मोठा भाग सरकार देतं, आणि फार तर वर्षभर काम एकच, ते म्हणजे नवं काम शोधणं. त्यासाठी वर्ग असतात, सल्लागार असतात. जागतिकीकरणाने ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठी युरोपचा एक वेगळा फंड आहे, त्याचीही आमच्या वर्गांना मदत होती. म्हणजे बघा, आमची नोकरी चाकणने खाल्ली, आणि त्याची भरपाई म्हणून युरोप दोन पुणेकरांना वर्गात बसवून शिकवत होता.

मला हे आठवलं की हसू येतं. काकांना त्यात विनोद दिसलाच नाही. "बघ ना ताई," ते म्हणाले, "काम आपल्याकडे गेलं, आणि सांभाळतंय आपलं सरकार. म्हणजे आपलं तसं गेलं काय?"

"तुमची नोकरी गेली, काका."

"हो, ती गेली," असं ते म्हणाले, जणू शेजारच्या कुणाची छत्री गेली होती.

काय जाणार होतं ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. काकूंनी मुलगी मोठी होईपर्यंत घर सांभाळलं. मग पंचेचाळिशीत जर्मनच्या परीक्षा दिल्या, बालवाडीच्या शिक्षिकेचा कोर्स लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर बसून पूर्ण केला आणि गावातल्या बालवाडीत कायमची नोकरी मिळवली. रस्त्यात पोरं त्यांना बघून आयांचे हात सोडून धावत यायची. इकडे चाकणहून काकांना सारखे निरोप यायचे, सर, इकडेच या, तुमच्याशिवाय लाइन नीट चालत नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मी आता इथून हलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं आहे." तेव्हा हिशोब सरळ होता. वर्षाच्या आत काकांना जर्मनीत काम मिळालं तर संसार एका घरात राहणार, नाहीतर ते चाकणला आणि काकू इथे.

"ताई, तू त्यांच्या मागे लाग," काकू मला ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या. काका बाहेरच्या खोलीत कुणाच्या तरी घर बदलायच्या भानगडीबद्दल फोनवर बोलत होते. "माझं ते ऐकत नाहीत. मला एकटीचा स्वयंपाक करता येत नाही गं. कधी केलाच नाही."

म्हणून मी मागे लागले. आता ऐका माझे हाल.

आमच्या सल्लागार होत्या फ्राऊ केलर. हुशार बाई, कामाला चोख. पहिल्या भेटीत त्यांनी काकांना विचारलं, तुम्ही आजवर काय काय केलंत? काकांनी सांगायला सुरुवात केली. वीर हे केलं, वीर ते केलं. फ्राऊ केलरनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हे वीर म्हणजे कोण?" यावर कुणीही म्हणालं असतं, मी आणि माझी टीम. काकांनी बोटांवर मोजत नावं सांगितली. योर्ग, रात्रपाळीचा फोरमन, चाकणची पोरं, मी, आणि शेवटी कँटीनच्या बाई, कारण अडचणीच्या दिवसांत त्या कॉफी लाइनीवर आणून द्यायच्या.

नंतर फ्राऊ केलरनी मला बाजूला घेतलं. "या गृहस्थांनी स्वतः काही केलंय की नाही?" त्यांचा प्रश्न वाकडा नव्हता. सारखं वीर वीर करणारा माणूस त्यांच्या हिशोबाने एक तर कामचोर, नाहीतर काहीतरी लपवणारा. मी त्यांना आम्ही आणि आपणचा फरक सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण मुलाखत जर्मनमध्ये होणार आहे."

आणि हे गृहस्थ वर्षभर काय करत होते? लष्कराच्या भाकऱ्या भाजत होते. एकाला गाडीतून आर्बाइट्सआगेंटूरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीत पोचव. दुसऱ्याच्या मुलाला गणित शिकव. तिसऱ्याला मुलाखतीला घालायला कोट नाही, तर आपला कोट दे. कोट काकांना एकच होता, आणि ज्या आठवड्यात तो दिला त्याच आठवड्यात त्यांची स्वतःची मुलाखत होती. ते स्वेटर घालून गेले. वर मला म्हणतात, "त्याला कोट शोभतो गं. आपल्याला कुठे शोभतो?" मी फोन ठेवला आणि एक उशी भिंतीवर फेकली.

माझं सांगायचं तर मी मिळाला तो प्रत्येक वर्ग केला, बॅटरीच्या तपासणीचा कोर्स केला, आरशासमोर उभी राहून इश, इश, इश, म्हणजे मी, मी, मी म्हणायचा सराव केला आणि सहा-सात महिन्यांत नेकारसुल्मला कामाला लागले. या सोयीचा उपयोग होतो, अगदी चांगला होतो, हे मी स्वतःवरून सांगते. फक्त 'मी' म्हणता आलं पाहिजे.

मग एर्लांगेनहून काकांना बोलावणं आलं. इस्पितळात तपासणीच्या मोठ्या मशीनमध्ये पेशंटला झोपवून आत सरकवतात, तसली टेबलं करणारी एक कंपनी. टेबल सरकायचं म्हणजे खाली रूळ आले! जाहिरात वाचून मी उडीच मारली. असं काम की जणू काकांना समोर बसवूनच लिहिलेलं. एर्लांगेन आमच्यापासून तसं लांब, पण आठवडाभर तिकडे एक खोली घेऊन राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी, हे काकूंना मान्य होतं. "शनिवार-रविवार तर शनिवार-रविवार," त्या म्हणाल्या, आणि मला दिसलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तालीम घेतली. मी झाले मुलाखत घेणारी. काकू पोळ्या लाटत होत्या आणि काका वीर म्हणाले की पोळपाटावर लाटणं आपटायचं असं ठरलं होतं. ड्रेस्डेनला शिकणारी लेक फोनवर होती.

रुळांची एक गोष्ट त्यांनी सांगायची होती. एका हिवाळ्यात आमचे रूळ थंडीत अडकायला लागले होते. ग्राहकाच्या तक्रारींवर तक्रारी. सगळे पोलाद तपासत बसले, आणि काकांना सुचलं की चूक ग्रीस लावायच्या वेळेत आहे. ते आतल्या पोलादी गोळ्या बसवल्यावर नाही, आधी लावायला हवं. लावून पाहिलं आणि रूळ लोण्यासारखे सरकले. मी तिथे होते, मी स्वतः मोजमापं घेतली होती, तेव्हा ही कल्पना कुणाची यात मला तिळमात्र शंका नाही.

"ही अडचण तुम्ही कशी सोडवलीत?" मी जर्मनमध्ये विचारलं.

"वीर..." लाटणं आपटलं. "आपलं... इश... इश हाबे... योर्गबरोबर..."

"योर्ग नको, काका!"

"अगं पण तो होता ना तिथे."

"मीही होते. माझं नाव घेता का?"

"घ्यायला हवं खरं तर," काका गंभीरपणे म्हणाले. लाटणं पुन्हा आपटलं, या वेळी विनाकारण.

फोनमधून लेक ओरडली, "पापा, झाग डोख आइनफाख इश!" अहो बाबा, नुसतं मी म्हणा ना! पोरीला मराठी सगळं कळतं, पण वैताग जर्मनमध्ये येतो. शेवटी त्या दिवशी काकांनी ती गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा इश, इश करत सांगितली. सांगून झाल्यावर कुणाची तरी वस्तू खिशात घातल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. पण सांगितली. काकूंनी ताज्या पोळीवर तूप घालून ती त्यांच्यापुढे ठेवली.

मुलाखतीच्या दिवशी परतीच्या गाडीतून त्यांचा फोन आला. आवाज असा आनंदी की मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"फार छान झाली गं ताई! फार भली माणसं आहेत. त्यांनी ग्रीसचंच विचारलं."

"मग? सांगितलंत ना?"

"सांगितलं की. आपण ठरवलं होतं तसं, इश म्हणूनच सुरुवात केली. पण मग ते म्हणाले, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? आता खोटं कसं सांगायचं? योर्ग एकदा त्याच्या गॅरेजच्या दाराला शिव्या घालत होता, की आधी तेल घातलं असतं तर ही वेळ आली नसती. त्यावरून आपल्याला सुचलं ना! तर ते आपण सांगितलं."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. तरी मी विचारलं, "मग?"

"मग ते म्हणाले, हे योर्ग सध्या कुठे असतात? म्हटलं, मोकळाच आहे बिचारा, आपल्याच ट्रान्सफरमध्ये आहे. मशीनमधलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांनी नंबर मागितला, दिला."

लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. काकांनी धोंडा उचलला, पुसला आणि नंबर देऊन पाडून घेतला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काका शांतपणे ऐकत होते. मधूनमधून "हो गं," म्हणत होते, आणि त्यांच्या मागे गाडीत पुढच्या स्टेशनचं नाव पुकारलं जात होतं.

जागा एकच होती. ती योर्गला मिळाली.

योर्गचा दोष नाही. त्याला बोलावलं, तो गेला, आणि माणूस कामाचा होताच. त्याने काकांना फोन करून विचारलंदेखील, मी नको म्हणू का? काका त्याच्यावर चिडले. काका चिडल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलंय. "घरात दोन लहान मुलं आहेत तुझ्या," ते त्याला म्हणाले, "आणि आपल्यापैकी एकाला मिळाली ना? मग झालं तर."

मी तणतणत काकूंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या रडत असतील, नाहीतर दोघांचं भांडण तरी चालू असेल. काका घरी नव्हते. योर्गचं सामान एर्लांगेनला हलवायचं होतं, तिथे खोके उचलायला गेले होते. काकूंनी मला बसवलं, चहा दिला.

"मला बघायला आले होते ना हे," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, शिक्षण किती, पुढे काय करणार? तर हे म्हणाले, आमचा चुलतभाऊ माझ्यापेक्षा जास्त शिकलाय, दिसायलाही बरा आहे, त्याला बघितलंत का तुम्ही?"

"काय सांगता!"

"अगदी खरं. यांची आई कपाळाला हात लावून बसली. सगळे गेल्यावर माझे वडील म्हणाले, मुलगा हाच." त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. "वडिलांचं चुकलं असं नाही म्हणवत गं. पण आज मला फार राग आलाय. मला माणूस घरात हवा होता."

त्यानंतर आम्ही आणखी अर्ज केले. नकार सगळे सभ्य भाषेत यायचे. वय झालं, असं कुणी लिहीत नाही, पण कळतं. वर्ष संपत आलं. पुढे बेकारभत्ता होता, काही काळ तोही मिळाला असता. पण नुसतं घरी बसून हवेत गोल फिरवणं काकांच्या स्वभावात नव्हतं. चाकणच्या निरोपाला त्यांनी शेवटी हो म्हटलं. तिथल्या पगारावर, तिथल्या पोरांबरोबर, स्वतः उभ्या केलेल्या लाइनीवर.

पानगळीच्या दिवसांत ते निघाले. हाइलब्रॉनच्या स्टेशनवर काकू, लेक, मी आणि एर्लांगेनहून सुट्टी काढून आलेला योर्ग. योर्गने अंगावर काकांचाच तो कोट घातला होता. काकांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, "कोट छान दिसतो." योर्गने काकांना मिठी मारली, "आपलं," म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सापडलंच नाही. त्याच्या हिशोबाने तो आल्झो म्हणत होता. या वेळी मी त्याला सुधारायला गेले नाही.

निघताना जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. काका इतकी वर्षं माझ्या घरून उठताना "बरंय, येऊ आपण" म्हणायचे. अगदी एकटे आले असले तरी येऊ आपण. त्या दिवशी गाडी लागली, बॅग आत गेली, आणि ते काकूंकडे वळून म्हणाले, "येतो मी."

काकू नुसत्या मान हलवत होत्या. मी दुसरीकडे बघायला लागले. वर्षभर डोकं फोडून जो शब्द मी त्यांच्या तोंडात बसवू शकले नाही, तो तिथे आला, आणि मला तो ऐकवेना. फार वाईट वाटलं. रागही आला. त्यांचा राग मला अजून येतो, आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

आता शनिवारी दुपारी मी काकूंकडे जेवायला असते. काकूंचा अंदाज अजून चुकतो, पोळ्या जास्त होतात, त्या मला डब्यात बांधून देतात. त्याच सुमाराला काकांचा फोन येतो. चाकणला शनिवारीही काम असतं. काकू फोन टेबलावर ठेवतात म्हणजे दोघींना ऐकू येतं. पोरं चांगली आहेत. नवं मशीन आलंय. डब्यात आज भेंडी होती. मागच्या शनिवारी मात्र ते मध्येच थांबले.

"काय गं," त्यांनी काकूंना विचारलं, "आपल्याकडे बर्फ पडला का?"

काकूंच्या हातात वाडगा होता, तो त्यांनी खाली ठेवला. आपल्याकडे म्हणजे कुठे, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही. त्या खिडकीपाशी गेल्या. बर्फ सकाळपासून पडतच होता, गॅलरीतल्या काकांच्या रिकाम्या कुंड्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"पडला हो," त्या तिथूनच मोठ्याने म्हणाल्या. "पुष्कळ पडलाय आपल्याकडे."

तिकडून फक्त लाइन चालू असल्याचा आवाज येत राहिला.